भाकरीची साक्ष

"ज्वारीचं हितंच बघतेत का हो बाई?"

मी मान वर केली. प्रयोगशाळेच्या दारात एक काटक बाई उभी होती. वय पन्नाशीच्या आसपास, डोक्यावर पदर आणि पोटाशी घट्ट धरलेलं धुवट फडक्याचं गाठोडं. आमच्या ज्वारी संशोधन केंद्राच्या फाटकावर ज्वारीचं भलंमोठं कणीस रंगवलेलं होतं. ते बघून ती आत आली असणार.

"हो, पण बियाणं शेजारच्या इमारतीत मिळतं," मी म्हणाले.

"बियाणं न्हाई पायजे. भाकर दावायची हाय."

असं म्हणून तिने माझ्या टेबलावर गाठोडं सोडलं. आत उन्हात कडकडीत वाळवलेले भाकरीचे तुकडे होते. मी तुकड्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. मला वाटलं, बाई चुकून पशुवैद्यकीय दवाखान्याऐवजी इकडे आली.

"मी केवळबाई," ती म्हणाली. "पोरींच्या वसतिगृहात सैपाक करते." मग थांबून म्हणाली, "करत हुते."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. मराठवाड्यातलं ते जिल्ह्याचं गाव तसं लहानच. तिथल्या एका संस्थेच्या वसतिगृहात रात्रीच्या जेवणानंतर मुलींच्या पोटात गुडगुडायला लागलं, कळा यायला लागल्या आणि पहाटेपर्यंत निम्म्या मुली सरकारी दवाखान्यात. सगळ्या बऱ्या झाल्या, हे नशीब. पण पाणी तपासलं, ते चांगलं निघालं. डाळ चांगली, तेल चांगलं. मग बोट उरलं ते एकीकडेच. आदल्या दिवशी सुट्टीवरून केवळबाईची रेक्टरबाईंशी कडाक्याची वाजली होती आणि "तुमचं तुम्ही बघा, मंग कळंल" असं ती चार मुलींसमोर बोलली होती. तेवढं वाक्य गावाला पुरलं.

"मी काय बी कालवलं न्हाई," ती म्हणाली. रडली नाही, की हात जोडले नाहीत. "ज्वारी नवी आल्ती. संस्थेच्या अध्यक्षांच्या घरची, दानाची. पीठ मळताना जरा कुबट वास आला. पण दानाला नाव कसं ठिवावं बाई? थापल्या भाकरी अन् घातल्या पोरींना."

"ती ज्वारी कुठे आहे?"

"पोरी आजारी पडल्याबरूबर अध्यक्षांनी ट्रॅक्टर धाडून समदं उचलून नेलं. ज्वारी गेली, पीठ बी गेलं. पोरींच्या काळजीपायी नेलं म्हणत्यात. असंल बी." तिने तुकड्यांवर हात ठेवला. "ह्या त्याच रातच्या. पोरींनी अर्ध्या टाकून दिल्या. मी उरल्यासुरल्या पत्र्यावर वाळवते, शेळीला हुतात. ह्या मातुर घातल्या न्हाईत. मन धजलं न्हाई."

"तुम्हाला काय हवंय माझ्याकडून?"

"दसरा झाला की मिटिंग हाय. तिथं माझं नाव पोलिसात द्यायचं ठरतंय. काम गेलं तर जाऊंद्या, खुरपायला जाईन. पण गल्लीतल्या बाया माझ्या हातचं पाणी घेईनात बाई. इतकी वरसं पोरींना मीच खाऊ घातलं. ह्या हातानं." आणि तिने हात पुढे केले. पीठ मळून मळून रुंद झालेले पंजे होते ते.

मला सांगायला लाज वाटत नाही, मी त्या क्षणी तिच्या बाजूची झाले. पुरावा वगैरे नंतरचा. शास्त्रज्ञाने असं करायचं नसतं हे मलाही पाठ होतं.

आमचे प्रमुख म्हणजे डॉ. विश्वंभर लोहकरे. ज्वारीच्या बुरशीवर सगळं आयुष्य घालवलेला माणूस. नुसत्या वासावरून बुरशीचं नाव सांगतो अशी त्यांची ख्याती होती आणि ती त्यांनी स्वतःच पसरवली होती. त्यांचा विश्वास दोनच गोष्टींवर, एक सूक्ष्मदर्शक आणि दुसरी काचेची बशी. बशीत खाद्य घालायचं, त्यावर नमुना ठेवायचा, चार दिवसांत बुरशी उगवते, मग तिचं तोंड बघायचं. त्या वर्षी केंद्रात नवं पीसीआर यंत्र आलं होतं आणि ते मला एकटीलाच चालवता येत होतं. लोहकरे सर त्याला 'दुधगावकर मॅडमची पेटी' म्हणत. दुधगावकर म्हणजे मी, मृणाल. त्या पेटीतून आजवर काय सूर निघाला, असं ते येणाऱ्याजाणाऱ्यासमोर मला विचारत.

त्यांनी भाकरीचा तुकडा उचलला, वास घेतला, उजेडात धरला.

"मृणाल, ही तव्यावर भाजलेली आहे. वर विस्तवावर शेकलेली. बुरशी जगेल का यात?"

"नाही जगणार."

"मग?"

"मेलेली तर सापडेल. सर, बुरशी मेली तरी तिच्या पेशीतला डीएनए राहतो. तुटका का होईना, राहतो. यंत्र त्यातला एक ठरावीक तुकडा शोधतं आणि सापडला तर त्याच्या कोट्यवधी प्रती काढतं. मी तर विष तयार करणारं जनुकच शोधणार आहे. म्हणजे नुसती कुठली तरी बुरशी नाही, विषारीच. आणि ते विषही तव्याच्या आचेने जात नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"शिकवलं खरं," ते म्हणाले. "पण भाकरीवर पीसीआर केलेला मी तरी ऐकला नाही. तू तुझ्या पेटीत घाल, मी माझ्या बशीत घालतो. बघू कोण आधी बोलतं."

त्यांनी खरोखरच तुकडे बशांत मांडले. चार दिवस रोज सकाळी भिंग घेऊन बघायचे. काही उगवलं नाही. बशा धुतल्यासारख्या स्वच्छ. "कोरी पाटी," ते म्हणाले. मला वाटलं होतं ते खूश होतील, पण त्यांचं तोंड उतरलं होतं. एव्हाना केवळबाई रोज दुपारी येऊन फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बसत होती. काही विचारायची नाही, नुसती बसायची, आणि सर येताजाता तिला चहा पाठवायचे.

मला तुलनेसाठी चांगल्या ज्वारीची भाकरी हवी होती. तीही तशीच भाजलेली, तशीच वाळवलेली. केंद्राच्या कोठारातली निवडक ज्वारी दळून आणली आणि प्रयोगशाळेतल्या गॅसच्या शेगडीवर तवा ठेवला. आता माझ्या भाकरीबद्दल काय सांगावं. आमच्या आईने ती कधी पाहुण्यांपुढे येऊ दिली नाही. पहिली थापतानाच फाटली, दुसरीचा नकाशा झाला. आमचा प्रयोगशाळा परिचर गणपत सोनटक्के दारात उभा राहून बघत होता. त्याच्याने राहवेना.

"मॅडम, बाहेर केवळबाई बसल्यात. बोलावू का?"

"नको. त्यांचा हात लागला तर उद्या म्हणतील, तीच कालवून गेली."

"मग मी थापू?"

"तुम्हीही नको. मीच थापणार."

तिसरी कशीबशी जमली. लोहकरे सरांनी दुसरीतला एक तुकडा मिरचीच्या ठेच्याबरोबर खाऊन बघितला आणि म्हणाले, "ही विषारी निघाली तर मला नवल वाटणार नाही." पण तिसरी वाळवून, कुटून, तिच्यातला डीएनए मी काढला. केवळबाईच्या तुकड्यांचाही काढला. सगळं तयार करून फ्रीजमध्ये ठेवलं, तोवर खंडेनवमी उजाडली.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रं बंद. शेतकरी नांगर पुजतो, सुतार पटाशी पुजतो, मग आम्ही काय पुजायचं? सोनटक्के ते ठरवायचा. सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू, तराजूला हळदकुंकू, गाडीला लिंबू. त्या वर्षी पीसीआर यंत्राची पहिलीच खंडेनवमी. सोनटक्केने त्याला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. त्याच्या घरचे घट नवमीलाच उठत, म्हणून घटाभोवती पेरलेल्या ज्वारीचे पिवळेधमक कोंब मुळांसकट आणून यंत्राच्या झाकणावर वाहिले. लोहकरे सरांनी मनोभावे हात जोडले. पेटी म्हणणारा माणूस, पण पूजेत खोट नाही.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हार काढला, यंत्र पुसलं आणि कामाला लागले. मिटिंग परवावर आली होती.

या तपासणीत एक नमुना कोरा ठेवायचा असतो. त्यात काहीच घालायचं नाही, नुसतं शुद्ध पाणी. तो गप्प राहिला तरच बाकीच्यांच्या बोलण्याला अर्थ. यंत्रातून निघाल्यावर सगळं एका पारदर्शक जेलीच्या वडीत भरायचं, वीज सोडायची आणि अंधाऱ्या खोलीत खास दिव्याखाली बघायचं. जिथे बुरशीचं जनुक सापडलं, तिथे नारिंगी पट्टा चमकतो.

मी दिवा लावला. केवळबाईच्या भाकरीत पट्टा. ठसठशीत. माझ्या तोंडून "आलं" असं निघणार होतं, तेवढ्यात शेजारी नजर गेली. माझ्या भाकरीतही पट्टा. त्याच्या शेजारी, कोऱ्या पाण्यातही पट्टा.

लोहकरे सर माझ्या मागे उभे होते.

"पाणी बोलायला लागलं," ते म्हणाले.

"सर, काहीतरी गडबड आहे."

"ते दिसतंय. परवा तिथे हे दाखवलं तर ते म्हणतील, यांच्या यंत्राला पाण्यातही विष दिसतं. तू जाऊ नकोस मृणाल. यंत्र नवीन आहे, माणसाने घाई करू नये. मी पत्र देतो, तपासणी चालू आहे म्हणून."

"पत्राने ती बाई तुरुंगात जायची थांबेल का?"

त्यांनी बाहेर बघितलं. खिडकीतून कडुनिंब दिसत होता आणि त्याखाली ती बसली होती. मला इतका राग आला, की कोणावर आला तेही कळेना. यंत्रावर, सरांवर, माझ्यावर. खरं म्हणजे भीती वाटली होती. तिने माझ्यावर भरवसा टाकला होता आणि मी तिच्या गळ्यातला फास आणखी आवळून ठेवला होता.

पण रागात माझं डोकं बरं चालतं. पाण्यात पट्टा आला म्हणजे पाण्यात काहीतरी आहे, यापेक्षा अवघड त्यात काही नव्हतं. आणि तेच पाणी मी प्रत्येक नळीत घातलं होतं. मी फ्रीज उघडला. माझी पाण्याची बाटली, दोनदा गाळलेलं, वाफेवर निर्जंतुक केलेलं, कोणी हात लावायचा नाही अशी ताकीद दिलेलं पाणी. मी ती उजेडात धरली. तळाशी केसाएवढं पांढरं काहीतरी तरंगत होतं. भिंगातून बघितलं. मूळ होतं. ज्वारीच्या कोंबाचं.

"सोनटक्के!"

तो आला. मी बाटली त्याच्या नाकासमोर धरली. त्याचा चेहरा उलट खुलला.

"ते व्हय मॅडम? परवा पूजेनंतर दुपारी कोंब मान टाकायला लागले. दुसऱ्या दिवशी दसरा, कुलूप लागणार. देवाचं धान असं सुकू द्यायचं कसं? म्हणून दोन रात्री पाण्यात ठेवले. आज पहाटे काढून नदीला सोडून आलो. बाटली परत होती तशी लावली बघा."

"याच पाण्यात? नळाला पाणी नव्हतं का?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, सगळ्यात शुद्ध पाणी या बाटलीत असतंय." तो गंभीरपणे म्हणाला. "देवाला शुद्धच पाहिजे."

मी हसले का ओरडले ते मला आठवत नाही. लोहकरे सर सांगतात, दोन्ही. नऊ दिवस ओल्या मातीत, अंधारात उगवलेलं धान. त्याच्या मुळांशी तीच शेतातली बुरशी नसती तर नवल. माझं यंत्र एकदाही खोटं बोललं नव्हतं. त्याने सोनटक्केच्या घटातली बुरशी सुद्धा बरोबर पकडली होती.

"सायकल आहे ना?" मी विचारलं.

"हाय."

"औषधाच्या दुकानात जा. इंजेक्शनचं पाणी मिळतं, काचेच्या बंद कुपीत. ते आणा. आणि वाटेत कुठल्याही देवळात थांबू नका."

तो धावत गेला. मी टेबलं ब्लीचने धुतली, जुन्या नळ्या फेकल्या, नव्या नळ्यांचं खोकं फोडलं. लोहकरे सर बाजूला उभे राहून माझी धुणीभांडी बघत होते. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि फडकं हातात घेतलं. "मला सांग, कुठे पुसायचं," ते म्हणाले.

दुपारभर यंत्र तापत-निवत राहिलं. संध्याकाळी आम्ही तिघं अंधाऱ्या खोलीत शिरलो. सोनटक्केला आत यायचं नव्हतं, त्याला मीच ओढून आणलं. दिवा लावला. पाणी गप्प. माझी भाकरी गप्प. केवळबाईच्या भाकरीचे जेवढे तुकडे घेतले होते, त्या सगळ्यांत नारिंगी पट्टा.

सरांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. "पेटी वाजली," ते म्हणाले. मग लगेच, सवयीप्रमाणे, "परत कर. पहिल्यापासून. उद्या." दुसऱ्या दिवशी परत केलं. अगदी तेच आलं.

मिटिंग संस्थेच्या कार्यालयात होती. मधोमध अध्यक्ष नानासाहेब इंगोले. पांढरंशुभ्र धोतर, मोठी शेती, गावातल्या कित्येक मुलींचं शिक्षण त्यांच्या दानावर झालेलं. त्यांच्या बाजूला रेक्टरबाई, भिंतीला लागून इतर सभासद. केवळबाई दाराशी उभी होती, तिला कोणी बस म्हटलं नव्हतं. लोहकरे सर माझ्याबरोबर आले, याचंच मला आश्चर्य वाटलं होतं. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. मागे सोनटक्केही आला होता.

मी सांगितलं. चित्रं टेबलावर ठेवली. ज्वारी कणसात असताना पाऊस लागला की ही बुरशी दाण्यात शिरते, तिचं विष पोटात गेलं की कळा आणि जुलाब होतात, ते भाजून जात नाही. मुलींना झालं ते यानेच, केवळबाईने काही कालवलेलं नाही. नानासाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी त्यांच्या ज्वारीला विषारी म्हणत होते, पण त्यांचा आवाज चढला नाही.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात," ते म्हणाले. "पण एक सांगा. हे तुकडे किती दिवस त्या बाईच्या घरात होते?"

"आठवडाभर."

"शिळ्या भाकरीवर बुरशी येते, हे माझ्या घरच्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. पावसाळी हवा, पत्र्याचं घर. नंतर आली असेल. तुमचं यंत्र सांगतं का, कधी आली ते?"

सभासदांत कोणीतरी हसलं. यंत्र एवढंच सांगतं, आहे की नाही. कधी, ते नाही सांगत. दाराशी केवळबाईने मान खाली घातली.

तेव्हा लोहकरे सर उठले. "मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "प्रामाणिकपणे. मीसुद्धा हे तुकडे तपासले, माझ्या पद्धतीने." त्यांनी पिशवीतून बशा काढून टेबलावर मांडल्या. "जिवंत बुरशी असती तर यात उगवली असती. माझ्या बशांत काहीही उगवलं नाही. मॅडमच्या निकालाच्या हे उलट दिसेल, पण लपवणं बरं नव्हे, म्हणून आणल्या."

"म्हणजे तुमचाच साहेब म्हणतो, बुरशी नाही," नानासाहेब माझ्याकडे वळून म्हणाले.

मी त्या स्वच्छ बशांकडे बघत राहिले. एक क्षणभर मलाही कळलं नाही. मग कळलं, आणि मला एवढं हसू आलं की ओठ चावून धरावे लागले.

"सर, या जिवंत बुरशीसाठी आहेत ना?"

"हो."

"शिळ्या भाकरीवर नंतर बुरशी आली असती, तर ती आज जिवंत असती. होय ना?"

"हो."

"म्हणजे तुमच्या बशीत उगवली असती."

सरांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी एक बशी उचलली, उजेडात धरली, जणू ती पहिल्यांदाच बघत होते.

"उगवली नाही," ते सावकाश म्हणाले. "मेलेली आहे. तव्यावर मेली." मग ते नानासाहेबांकडे वळले, आणि वर्गात शिकवताना लागायचा तो आवाज त्यांना लागला. "नानासाहेब, तुम्ही विचारलंत, कधी आली. ऐका. तव्यावर मेली, म्हणजे तव्यावर जायच्या आधी होती. पिठात होती. दाण्यात होती. ही शेतातून आली आहे. यंत्र सांगतं ती आहे, माझी बशी सांगते ती आधीची आहे. आता यात शंका काढायला मला तरी जागा दिसत नाही, आणि शंका काढणं हा माझा धंदा आहे."

नानासाहेब बशांकडे बघत होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं, मला कळत नव्हतं. मी वादाला तयार होते. वकील, पोलीस, सगळ्याला.

"काळी पडली होती," ते म्हणाले.

"काय?"

"ज्वारी. हायब्रीड होती, काढणीला आली आणि पाऊस लागला. सगळी काळी पडली. अशी काळी भाकरी पोरींच्या ताटात कशी घालायची? म्हणून गिरणीतून पॉलिश करून आणली. चांगली पांढरी झाली होती. पोरी आजारी पडल्या तेव्हा वाटलं, कोणीतरी त्यात काही कालवलं, म्हणून सगळी उचलून आणली." त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "मला वाटलं, काळं गेलं म्हणजे गेलं."

"वरचं गेलं," लोहकरे सर हळूच म्हणाले. "आतलं राहिलं."

खरं सांगते, या माणसाला खाली मान घालायला लावायची असं ठरवून मी आले होते. आणि त्याने ती घातली तेव्हा मला नुसतं वाईट वाटलं. त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं. पोरींना चांगलं दिसावं म्हणून केलं होतं.

"केवळबाई," ते उठून उभे राहिले. "तुझ्यावर आळ आला तो माझ्या धान्याने. तू उद्यापासून..."

"हितं नगा सांगू," केवळबाई दारातून म्हणाली. सगळ्यांनी वळून बघितलं. "आळ काय ह्या खोलीत आला न्हाई. पोरींसमोर आला. तिथं सांगा."

वसतिगृह आवारातच होतं. जेवणाची वेळ झालेली, मुली पंगतीत बसलेल्या, बदलीवर आलेली स्वयंपाकीण वाढत होती. आम्ही सगळे आत शिरलो तशी कुजबुज थांबली. नानासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्यांनी फार काही सांगितलं नाही. ज्वारी माझी होती, ती खराब होती, केवळबाईची काही चूक नव्हती, तिला बोल लावला तो माझा अपराध, एवढंच. पण मोठ्याने सांगितलं, शेवटच्या पंगतीपर्यंत पोचेल असं. मी सोनटक्केकडे बघितलं. तो भिंतीला टेकून उघड उघड रडत होता.

रेक्टरबाई पुढे आल्या. "केवळबाई, आत ये. आज तूच वाढ पोरींना."

"न्हाई," केवळबाई म्हणाली.

सगळ्यांचे चेहरे पडले. वाटलं, आता ती पाठ फिरवून जाणार, आणि गेली तरी कोणाला काही बोलायला तोंड नव्हतं.

ती गेली नाही. तिने पदर सावरला, पंगतीत दोन मुलींच्या मध्ये जागा करून घेतली आणि मांडी घालून बसली.

"आज म्या जेवनार," ती म्हणाली. "तुमी वाढा."

मग कोपऱ्यातून पंचफुला उठली. दवाखान्यात सगळ्यात जास्त दिवस काढलेली, सलाईन लागलेली हीच ती पोर. तिने धावत जाऊन टोपली उचलली आणि केवळबाईच्या ताटात भाकरी वाढली. दुसरीने ठेचा आणला, तिसरीने पाणी. कोणी चटई सरकवली, कोणी कांदा फोडला. पंगत मोडून सगळ्या मुली तिच्याभोवती. भाजीचं पातेलं नानासाहेबांनी उचललं. आयुष्यात त्यांनी कधी वाढलं नसावं, पळी धरायची कशी हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पण वाकून त्यांनी तिच्या ताटात भाजी वाढली आणि बाजूला उभे राहिले.

त्या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. नंतर मला पुरस्कार मिळाले, माझ्या हाताखालच्या पोरांनी माझ्यापेक्षा चांगली यंत्रं चालवली. पण त्या दुपारी त्या दारात उभं राहून मला जे वाटलं, तसं पुन्हा वाटलं नाही. लोहकरे सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

केवळबाईने भाकरी मोडली. भाजीत बुडवून घास घेतला. चाळीस पोरी श्वास धरून तिच्या तोंडाकडे बघत होत्या. ती सावकाश चावत राहिली, गिळला, आणि मान वर करून बदलीवरच्या स्वयंपाकिणीकडे बघितलं.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. "उद्या म्या येते."